चवळीच्या औषधाने वाचलेली कुत्री

प्रति,
मा. प्रकल्प संचालक साहेब,
चवळी-विषाणू औषध संशोधन प्रकल्प,
धाराशिव.

अर्जदार : महारुद्र बसप्पा कलशेट्टी, धंदा शेती, रा. जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

विषय : चांदी नावाची कुत्री प्रकल्पाच्या पिंजऱ्यात न नेता अर्जदाराच्या ताब्यात देण्याबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली आपल्या प्रकल्पाची सूचना.

महोदय,

१. आपल्या सूचनेत लिहिले आहे की, जळकोटचे शेतकरी युवराज ज्ञानोबा मोटे हे बायकामुलांसह पुण्यास राहण्यास जात आहेत, त्यांची कुत्री चांदी हिला तिकडे नेणे शक्य नाही, म्हणून प्रकल्प तिला धाराशिवला आणून कायम देखरेखीखाली ठेवणार आहे. कोणाची हरकत असल्यास कुत्रीच्या फोटोसह लेखी द्यावी. अर्जदाराची हरकत आहे. कुत्री अर्जदारास द्यावी, एवढीच या अर्जातली मागणी आहे.

२. अर्जदारास ही कुत्री आवडत नाही. हे आधीच सांगितलेले बरे. नळदुर्गला अर्ज लिहून देणारे योगीराज यांच्याकडे अर्जदार प्रथम गेला होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आप्पा, कुत्रीबद्दल वाईट एक अक्षर नको. न्हाय तर ती तुमच्या हवाली कोन करंल? ‘मुक्या जनावराबद्दल अपार माया’ असं टाकतो मी.” अर्जदाराकडे अपार माया नाही. म्हणून त्यांना नमस्कार करून अर्जदार परत आला आणि हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. भाषेत चूक असेल तर सांभाळून घ्यावी. मजकुरात चूक नाही.

३. अर्जदाराची पत्नी लिंगैक्य, म्हणजे दिवंगत, सारजाबाई ही दरवर्षी अर्जदार व युवराज मोटे यांच्या मधल्या बांधाला लागून, आमच्या बाजूला, पाण्याच्या पाटाजवळ चवळीची एक ओळ लावत असे. बी तिच्या माहेरचे, तेर गावचे. राखेत घोळून मडक्यात ठेवलेले. त्या ओळीवर दरसाल केवडा पडायचा, म्हणजे पाने पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची होऊन आकसायची. अशी झाडे शेतकरी उपटून टाकतो. अर्जदारानेही पुष्कळदा सांगितले. तिचे म्हणणे एकच, “पान आजारी हाय, शेंग न्हाय. शेंग गोड हाय तवर ऱ्हाऊ द्या.” असे म्हणून ती त्याच झाडांचे बी पुन्हा धरायची. शेतीत अर्जदाराचे तिच्यापुढे फारसे चालत नसे.

४. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आपल्या जिल्ह्यात सगळे शिवारात जातात हे आपणास ठाऊक आहेच. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, करायची, पूजा करायची आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून आंबील आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीला बसवायचे. हाक मारली नाही तर ती चूक घरच्या बाईच्या नावावर जाते. यंदाच्या येळवशीच्या आधीच्या तिसऱ्या येळवशीला आपल्या प्रकल्पाची जीप टायर बसला म्हणून आमच्या शेतासमोर हायवेवर उभी होती. सारजाबाईने हाक मारली. जीपमधून डॉ. आफरीन मॅडम उतरल्या. मॅडमनी भज्जी दोनदा मागून घेतली आणि विचारले, ह्यात चवळी कुठली. सारजाबाईने ओळ दाखवली. मॅडम हातात आंबिलीचा पेला तसाच घेऊन ओळीत शिरल्या आणि पाने उलटीसुलटी करून पाहू लागल्या. म्हणाल्या, “काकू, हेच आजारी पान शोधत मी गावोगाव फिरते आहे. लोक उपटून टाकतात हो.” सारजाबाईने अर्जदाराकडे बघून फक्त “ऐकलं का?” एवढे म्हटले. पुढे संक्रांतीपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता.

मॅडमनी औषधाबद्दल जे सांगितले ते अर्जदारास समजले तसे लिहितो. चवळीचा हा विषाणू माणसाला किंवा जनावराला रोग लावत नाही. पाने वाटून, गाळून, यंत्रात गरगर फिरवून तो वेगळा काढतात. मग शेंगेतला दाणा काढून टरफल ठेवावे तसे त्याचे आतले काढून टाकतात आणि नुसते टरफल ठेवतात. ते इतके बारीक की केसाच्या टोकावर हजारो बसतील. असे टरफल कॅन्सरच्या गाठीत टोचले की अंगातले राखणदार, जे गाठीला घरचीच समजून गप्प बसलेले असतात, ते कोणी परके आले म्हणून उठतात, आणि एकदा उठले की गाठीलाही धरतात. सारजाबाई म्हणाली, “म्हंजे आपलं कुत्रं झोपल्यालं आसतंय, आनि बाहेरचं आलं की भुकाय लागतंय, तसं.” मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच. तेव्हा हे सगळे हसण्यावारी होते. गाठ कोणालाच नव्हती.

५. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सारजाबाईच्या छातीत गाठ निघाली. सोलापूरच्या दवाखान्यात काढली. राहिलेली पसरली. याबद्दल अधिक लिहीत नाही.

६. पुढच्या येळवशीला सारजाबाईने हट्टाने शेतात चूल मांडली. डोक्याला रुमाल होता. मॅडम पाने नेण्यासाठी आता वरचेवर येत असत, त्या दिवशी आपणहून जेवायला आल्या. बांधापलीकडून युवराज आला, त्याच्या मागे चांदी आली. बोलता बोलता मॅडमनी सांगितले की औषध उंदरांवर झाले, आता कुत्र्यांवर द्यायची परवानगी आली आहे. सारजाबाईने भाकरी थापता थापता विचारले, “आनि मानसाला कवा?” मॅडम म्हणाल्या, काकू, अजून काही वर्षं. ती म्हणाली, “काही वर्षं म्हंजे मला न्हाय.”

तेव्हा अर्जदार बोलला. काय बोलला ते आपल्या माहितीसाठी लिहितो, कारण मॅडमनी कदाचित आपणास सांगितले नसेल. अर्जदार म्हणाला, “मॅडम, हिला कागदावर कुत्री लिहा. नाव काय बी लिहा. रंग काळा लिहा. आमची हरकत न्हाय, सही देतो.” युवराजने मान फिरवली. एकटी सारजाबाई हसायला लागली. हसून हसून तिने कुशीला हात धरला. म्हणाली, “आवो, आनि मालकाच्या रकान्यात तुमचं नाव लिवायचं व्हय?” मॅडमनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि उठून कोपीच्या मागे गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते.

सारजाबाईने तोवर चांदीला जवळ घेतले होते. या कुत्रीला ती रोज बांधावर भाकरी टाकायची आणि तिचे पोट खाजवायची. तिने मॅडमचा हात धरला आणि चांदीच्या पोटाखाली, मागच्या सडाजवळ नेऊन ठेवला. “हितं बघा. हिला हाय. कवाधरनं सांगीन म्हनत हुते. हाताला कसं लागतंय ते मला म्हाईत हाय.” युवराजला स्वतःच्या कुत्रीची गाठ माहीत नव्हती. तो म्हणाला, “काकू, ऱ्हाऊ द्या की, कुत्रंच हाय.” त्यावर सारजाबाई त्याला म्हणाली, “मला न्हाय म्हनून तिला बी न्हाय, आसं आसतंय व्हय रं?”

अशा रीतीने चांदीचा नंबर लागला. तो सारजाबाईने लावला. हे आपल्या प्रकल्पाच्या कागदात कुठे आहे का, अर्जदारास माहीत नाही.

७. त्यानंतर जे झाले त्यावरून अर्जदाराच्या मनात चांदीबद्दल जे बसले ते आजतागायत निघालेले नाही. चांदीला औषधासाठी धाराशिवला न्यायला गार हवेची जीप यायची. आत घोंगडी अंथरलेली असायची. सारजाबाई जळकोटच्या थांब्यावर उभी राहून एस.टी.ने सोलापूरला जायची, जागा मिळाली तर बसून. एकदा आम्ही थांब्यावर असताना जीप समोरून धाराशिवकडे गेली. काचेतून चांदीने सारजाबाईस ओळखले आणि भुंकली. सारजाबाईने हात हलवला. अर्जदाराने हलवला नाही.

औषधांनी सारजाबाईचे केस गेले. उशीवर झुपकेच्या झुपके निघायचे. चांदीचा एक केस गळाला नाही. चांदीला उकडलेली अंडी सांगितली होती, ती चांदी दोन घासांत संपवायची आणि आणखी मागायची. सारजाबाईच्या घशाखाली आंबीलही उतरत नव्हती. मॅडमचा युवराजला रोज फोन यायचा, खाल्लं का, झोप लागली का, शेपूट हलवते का. अर्जदारास दवाखान्यातून एकदाच फोन आला, तो तारीख पुढे गेल्याचा. युवराज बांधावर उभा राहून मोठमोठ्याने मॅडमना सांगायचा, “व्हय मॅडम, गाठ निम्म्यावर आली. व्हय, हाताला मऊ लागती.” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण आमची खाट त्या वेळी आंब्याखाली असायची आणि सारजाबाई ऐकायची. ती विचारायची, “काय म्हनतोय त्यो?” अर्जदार सांगायचा, पावसाचं काहीतरी म्हणतोय. ती म्हणायची, “खोटं. चांदीची गाठ निम्मी झाली म्हनतोय.” आणि तिला बरे वाटायचे. या गोष्टीचा अर्जदारास सर्वांत जास्त राग येई. जिच्या चवळीतून हे औषध निघाले ती पडून होती, आणि आनंदही तीच करत होती. अर्जदाराच्या वाट्याला काहीच नव्हते.

८. पोळ्याच्या आधी सारजाबाई गेली. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तिला शेतातच, बांधाजवळ, चवळीच्या ओळीच्या वरच्या अंगाला पुरले. दिवाळीपर्यंत चांदीची गाठ पूर्ण गेली.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात आपल्या प्रकल्पातर्फे कार्यक्रम झाला. आपण त्या दिवशी येऊ शकला नव्हता. युवराजला शाल मिळाली. चांदीच्या गळ्यात हार घातला, तो तिने तिथेच खाल्ला, लोक हसले. मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी भाषणात सारजाबाईचे नाव घेतले, पण नेमका तेव्हाच माइक बंद पडला. दुसऱ्या दिवशी पेपरात चांदीचा फोटो आणि खाली ‘मोटे यांच्या शेतातील चवळीपासून औषध’ असे छापून आले. अर्जदार तो पेपर घेऊन युवराजच्या दारात गेला. युवराज म्हणाला, “आप्पा, पेपरवाल्यानं लिवलं, मी न्हाय सांगितलं.” अर्जदार म्हणाला, “तू न्हाय सांगितलंस, हेच म्हनतोय मी.” युवराज चिडला आणि चारचौघांत बोलला, “सरळ सांगा की आप्पा, कुत्र्यावर जळता व्हय?” अर्जदाराने “व्हय” असे उत्तर दिले. ते उत्तर आजही कायम आहे.

९. आता मूळ तक्रार. सारजाबाई गेल्यापासून चांदी रोज बांध ओलांडून येते आणि जिथे सारजाबाईस पुरले त्या जागेला पाठ लावून निजते. अर्जदाराने तिला ढेकळे मारली. ती उठते, अर्जदाराचे ढेकूळ पोहोचणार नाही इतकी लांब जाते आणि तिथे तोंड पंजावर ठेवून बसते. अर्जदार बैलांकडे वळला की परत येते. अर्जदार त्या जागी थोडा वेळ बसला तर गावातले लोक वाटेने जाताना सांगतात, आता सावरा, आप्पा. मुलगी राजेश्वरी लोहाऱ्याहून फोन करते, “दादा, सारखं तिथं बसू नका, घरी जावा.” कुत्रीला कोणी सावरायला सांगत नाही. ती दिवसभर निजते. हे अर्जदारास सहन होत नाही.

साहेब, गाठ तिला होती, गाठ हिलाही होती. चवळी एकीची, औषध दुसरीला. जी राहिली तिने निदान स्वतःच्या बांधापलीकडे राहावे, असे अर्जदारास वाटत असे. युवराज पुण्याला जाणार आणि कुत्री धाराशिवला जाणार हे फळ्यावर वाचले तेव्हा अर्जदारास बरे वाटले. घरी येऊन अर्जदार पोटभर जेवला.

१०. गेल्या वर्षी अर्जदाराने दुःख पाळले, येळवस केली नाही. यंदा राजेश्वरी आली, तिने कोप केली, भज्जी केली. भज्जीत चवळी घातली, कारण ओळ अर्जदाराने लावली होती आणि केवडा पडूनही उपटली नव्हती. पूजा झाल्यावर ती हायवेकडे कोणाला हाक मारावी म्हणून गेली. अर्जदार कोपीत एकटा होता. चांदी आली. अर्जदाराच्या हातात ढेकूळ होते. ती पळाली नाही. आली आणि चुलीशेजारी, सारजाबाई बसायची तिथे, उताणी पडली. चारही पाय वर. तिला ही सवय सारजाबाईने लावली होती. स्वतः जाईपर्यंत ती रोज चांदीची गाठ चाचपायची, मॅडमना खरे सांगता यावे म्हणून.

अर्जदाराने ढेकूळ खाली ठेवले आणि हात लावला. गाठ कुठे असते हे अर्जदारास माहीत होते. सारजाबाईची गाठ पहिल्यांदा अर्जदाराच्याच हाताला लागली होती. ती कशी लागते ते हात विसरलेला नाही. मागच्या सडाजवळ चाचपले. पुढे चाचपले. काखेत पाहिले. पुन्हा पहिल्यापासून पाहिले. कुठेही काही लागले नाही. सगळे मऊ, गरम, पोट वर-खाली होत होते. अर्जदारास त्याचा आनंद झाला असे म्हणता येणार नाही. पण हात काढता आला नाही. राजेश्वरी दोन ट्रकवाल्यांना घेऊन जेवायला आली तोवर हात तिथेच होता.

मॅडमनी पूर्वी सांगितले होते की या औषधाने गाठ गेली की अंगाला तिची ओळख राहते, ती पुन्हा आली तर अंग तिला ओळखते. म्हणजे सारजाबाईच्या चवळीने जे केले ते चांदीच्या अंगात अजून चालू आहे. साहेब, अर्जदाराच्या घरात सारजाबाईची लुगडी आहेत, बियाचे मडके आहे, चष्मा आहे. तिचे चालू असलेले असे दुसरे काही नाही. ते पिंजऱ्यात घालून धाराशिवला नेऊ नये.

११. सबब विनंती की, चांदी अर्जदाराच्या ताब्यात द्यावी. युवराज मोटे यांना विचारले आहे. ते म्हणाले, “न्या की आप्पा. पन आधी ढेकळं मारायची बंद करा.” ती बंद केली आहेत. मॅडमनी केव्हाही येऊन कुत्री तपासावी, रक्त घ्यायचे तर घ्यावे, येळवशीला मात्र जेवायला यावे. चांदी आज जिथे निजते तिथे तिला निजू दिले जाईल, आपल्या पिंजऱ्यात ती जागा नाही. अर्जदारासही तिथे बसायचे असल्यास अर्जदार दुसऱ्या बाजूला बसेल. चवळीची ओळ दरवर्षी लावली जाईल आणि कितीही केवडा पडला तरी उपटली जाणार नाही, पाने प्रकल्पास लागतील तेवढी न्यावीत. अंडी आमच्या घरात शिजत नाहीत, पण चांदीसाठी वेगळी चूल गोठ्यात मांडली आहे.

अर्जदार कुत्रीवर जळणे सोडून देईल, एवढी एक हमी मात्र देता येत नाही. ती आपण मागू नये.

उत्तर फळ्यावर न लावता अर्जदारास कळवावे, ही विनंती.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,

महारुद्र बसप्पा कलशेट्टी
जळकोट
दिनांक : २ जानेवारी २०२६

सोबत :
१. युवराज ज्ञानोबा मोटे यांची लेखी संमती.
२. सारजाबाईच्या चवळीचे बी, एक पुडी, राखेसह. राख धुऊ नये.
३. सूचनेत मागितलेला कुत्रीचा फोटो जोडलेला नाही. अर्जदाराकडे तिचा एकच फोटो आहे, राजेश्वरीने बांधावर काढलेला. त्यात दोघी आहेत. तो देता येत नाही.